बटणाचा दोष

९ जानेवारी

ताई,

तब्येत उत्तम. बाबांचा नियम पाळला बघ, पहिली ओळ तब्येतीची, मग बाकीचं पुराण.

मांजर अखेर बाहेर पडलं. अडीच वर्षं आम्ही सहा जण त्याच्या मागे लागलो होतो. 'छपरावरचं मांजर' असं साधंच नाव ठेवलंय, कारण मालकांना सुचलेली नावं ऐकून मांजरानेही घर सोडलं असतं. हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळायचा खेळ आहे. एका बटणाने उडी, दुसऱ्याने दबा. एकूण बत्तीस छपरं आहेत, त्यातली एकोणीस मी रचली. माझं कामच ते. कुठलं कौल सैल ठेवायचं, कुठे तार आडवी टाकायची, दोन छपरांत किती अंतर ठेवलं तर खेळणाऱ्याला घाम फुटेल पण तो यंत्र आपटणार नाही, हे मी ठरवतो.

गोष्ट यथातथाच आहे, हे मला ठाऊक आहे. संगीत मालकांच्या मेहुण्याचं आहे, त्याबद्दल काय लिहायचं ते लिही, मी ब्र काढणार नाही. पण उडी चांगली आहे. ती मास्तरांनी केलीय. मास्तर आमच्यातले सगळ्यात वयस्क, बावन्न वर्षांचे, आधी शाळेत गणित शिकवायचे. बटण दाबल्यापासून मांजर हलेपर्यंतचा सगळा कारभार त्यांचा. चौदा महिने हा माणूस फक्त त्या एका उडीवर बसून होता.

तुमच्या संपादकांनी खेळ परीक्षणाला तुझ्याकडेच दिलाय असं कळलं. मी तुझा भाऊ आहे हे त्यांच्या कानावर घातलंस ना? वाचक तुला 'साडेपाच ताई' म्हणतात, म्हणजे दहापैकी साडेपाचाच्या वर तू कुणाला जाऊ देत नाहीस. आम्हाला तेवढे मिळाले तरी खूप. मालकांनी सांगून ठेवलंय की कुठेही पाचाच्या खाली गेलं तर कुणाची तरी खुर्ची जाणार. तुला घाबरवायला लिहीत नाही. लाड करू नकोस, फक्त शेवटच्या छपरापर्यंत खेळ.

तुझा धाकटा


२८ जानेवारी

धाकट्या,

तब्येत बरी आहे. सासूबाईंचीही. तुझे भावोजी जहाजावर आहेत, त्यांची त्यांना ठाऊक.

संपादकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमच्यापुढे सख्खा भाऊ काय आणि सावत्र शत्रू काय." शिवाय त्यांच्याकडे दुसरं आहे कोण? थोर खेळांवर लिहायला रांग लागते, भिकार खेळांची टर उडवायलाही लागते. जे ना धड चांगले ना धड वाईट, ते बारा वर्षं माझ्याच पदरात पडतायत. मला त्याचं वाईट वाटत नाही. अशा खेळावरही कुणीतरी अडीच वर्षं घातलेली असतात, त्याला नीट वाचणारं कुणीतरी हवं.

कात्रण सोबत आहे. बत्तीसही छपरं खेळले. तुझी एकोणीस मी न सांगता ओळखली. जिथून पडल्यावर माणूस स्वतःवर चिडतो आणि पुन्हा चढतो, ती तुझी. तसं लिहिलंय.

पण तुमची ती उडी. "उडीचं बटण दाबलं की हे मांजर आधी घरच्यांशी सल्लामसलत करतं, मग उडतं." असं मी लिहिलंय आणि ते खरं आहे. चौदा वेळा मी कडेवरून खाली गेले आणि त्यात माझी चूक एकदाही नव्हती. बटण दाबलेलं होतं. मांजराला ते उशिरा कळलं. उडीवर चालणाऱ्या खेळात उडीच अशी असेल तर मी काय करू? साडेचार.

आणि हे एकट्या तुमचं नाही. वर्षभरात हा रोगच पसरलाय. मासेमारीच्या खेळात गळ उशिरा वर येतो, बेकरीच्या खेळात पाव जळून गेल्यावर भट्टीचं दार उघडतं. घाईघाईत काम उरकतात आणि खापर खेळणाऱ्यावर फोडतात.

अक्षराला नावं ठेवू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड झालाय, लिहिताना हलतं.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तब्येत ठीक. डोकं ठीक नाही.

मास्तरांना काढलं. तुझं ते सल्लामसलतीचं वाक्य मालकांनी मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर चिकटवलं. मास्तर ते वाचून हसले. म्हणाले, वाक्य फार छान आहे. दुपारी त्यांना आत बोलावलं आणि चार वाजता ते आपला कप, डब्याची पिशवी आणि खुर्चीवरची उशी घेऊन जिना उतरले. ती उशी त्यांच्या बायकोने शिवलेली आहे. मला ती बघवली नाही.

तुझ्याशिवाय आणखी सात जणांनी परीक्षण लिहिलंय. गोष्टीला नावं ठेवलीत, संगीताला तर जोडे मारलेत. उडीला एकानेही बोट लावलेलं नाही. दोघांनी तर लिहिलंय की बाकी काही नसलं तरी उडीसाठी खेळ घ्या.

म्हणून मी तुझी वर्षभरातली सगळी परीक्षणं काढून बसलो. सव्वीस खेळ. पहिल्या तेरांत बटणाची तक्रार दोनदा आहे. नंतरच्या तेरांत अकरा वेळा. गळ उशिरा, दार उशिरा, चेंडू उशिरा, मांजर उशिरा. अकरा कंपन्यांनी एकत्र बसून तुझ्याविरुद्ध कट केला का? एक तर तुझं यंत्र जुनाट झालंय, नाहीतर तुला सवय लागलीय. एकदा एक चिमटा गाजला की माणूस तोच काढत बसतो.

मास्तरांनी जाताना माझ्याकडे तुझ्यासाठी चिठ्ठी दिली. मी फाडणार होतो, पण ते म्हणाले, "नक्की पाठवा." ती अशी:

"बाई, तुमच्या यंत्रावर उडीला उशीर होत असेल तर तो मला कळायला हवा. नोकरी गेली तरी उडी माझीच आहे. मोबाइल समोर उभा करा आणि मंद गतीचं चित्रण लावा, त्यात एका सेकंदाची दोनशे चाळीस चित्रं निघतात. अंगठा आणि पडदा दोन्ही दिसू द्या. ज्या क्षणी बटण दाबाल त्याच क्षणी तोंडाने 'आता' म्हणा, जुळवायला सोपं जातं. अशा वीस उड्या घ्या. मग अंगठा खाली गेल्यापासून मांजर उडेपर्यंत किती चित्रं जातात ती मोजा. आमच्याकडे चौदा यायची. वीसच्या वर आली तर चूक माझी, आणि मी ती मान्य करीन."

बघ जमलं तर.

धाकटा


२ मार्च

धाकट्या,

माझ्या तब्येतीला धाड भरलेली नाही.

यंत्र जुनाट नाही. उलट दोन महिन्यांत ते दोनदा बदलून आणलं. दुकानदार कुरकुरत होता, तरी दिलं. तिन्ही यंत्रं सारखीच. यावरून काय ते समज.

मास्तरांचं मला वाईट वाटलं. पण वाईट वाटेल म्हणून गुण वाढवायचे असते तर मी बारा वर्षं वाचकांकडून शिव्या कशाला खाल्ल्या असत्या? जे हाताला लागलं ते मी लिहिलं. आणि 'चिमटा गाजला की' वगैरे जे तू लिहिलंस ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी पत्राला उत्तरही दिलं नसतं.

त्यांची परीक्षा करते. आकडे आले की तुझ्या तोंडावर मारते.

ताई


२० एप्रिल

ताई,

तब्येत ठीक. तुझी कळत नाही.

दीड महिना झाला. आकडे आले नाहीत आणि तूही बोलत नाहीस. फोन केला की सासूबाई उचलतात आणि 'ती कामात आहे' म्हणतात. खोटं बोलता येत नाही त्यांना, आवाजच पडतो.

मास्तर आता एका गोदामात खोकी मोजतात. मी भेटून आलो. तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "बाईंनी मोजली का?" मी म्हटलं, मोजतेय.

तू बाबांवर गेलीस. शेवटी शेवटी ते नाही का दुकानात बसून सुया फेकायचे, दोरेवाल्याशी भांडायचे, कात्रीला शिव्या घालायचे, पण माझ्या हातून चुकलं असं काही म्हणायचे नाहीत. शिंपी म्हणून त्यांची बोटं सोन्याची होती, ताठा मात्र लोखंडाचा. तुला दोन्ही मिळालं. चुकलं असेल तर चुकलं म्हण, ताई. माझा राग केव्हाच गेलाय. माझ्यासाठी नको, मास्तरांसाठी म्हण.

धाकटा


९ मे

धाकट्या,

तब्येत चांगली नाही. ही ओळ मी बऱ्याच दिवसांनी खरी लिहितेय, म्हणून जपून वाच.

मास्तरांनी सांगितलं तसं सगळं केलं. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला, खिडकीतला उजेड अंगठ्यावर घेतला. वीस उड्या घेतल्या, दर उडीला 'आता' म्हटलं. सासूबाई आतून विचारत होत्या, "आता काय?" मग चित्रं मोजायला बसले. पहिली उडी चौदा. दुसरी चौदा. तिसरी तेरा. वीसच्या वीस तशाच. अंगठा खाली गेला रे गेला की मांजर उडत होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तरी माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, मग मी पडते कशी? म्हणून आवाज लावून पाहिलं. मंद गतीत आवाज ताणून येतो, म्हातारीसारखा. मी 'आता' म्हणते. आणि अंगठा बटणावर तसाच. मी म्हणून मोकळी झालेय, आणि तो बसून आहे. मांजर कडेपर्यंत येतं, त्याचे पुढचे पाय कडेबाहेर जातात, आणि मग अंगठा खाली जातो. मोजलं तर त्रेसष्ट चित्रं. दुसऱ्या उडीला सत्तावन्न, आठवीला एकाहत्तर. सल्लामसलत मांजर करत नव्हतं.

त्या दिवशी मी चित्रण पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. सात दिवस सात वेळा केलं, की एकदा तरी बटण चुकेल. मग डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, लांबलचक आहे, इथे लिहीत नाही. डोक्यातून निघालेला हुकूम बोटाला उशिरा पोचतो, एवढंच समज. पुढे पायांना उशिरा पोचेल, मग जिभेला. गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, थांबत मात्र नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी नाही म्हणाले. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं, त्यातल्या सुया वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन 'होतं' म्हणाले.

बाबांचा ताठा नव्हता तो, धाकट्या. 'हल्लीच्या सुया बोथट येतात' म्हणून त्यांनी सहा पाकिटं परत केली होती, आठवतं? तू दारामागे उभा राहून त्यांची नक्कल करायचास, सुई डोळ्यापुढे धरून, आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसायचे. शेवटच्या वर्षी त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, तेव्हा आपण म्हटलं वय झालं. त्रेपन्न हे काय वय होतं?

हे घराण्यात येतं. मुलांपैकी निम्म्यांना. आपण दोघं आहोत, तेव्हा माझ्या वाट्याला आलं म्हणजे तू सुटलास, असं होतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. तसं होत नाही म्हणाले. प्रत्येकाचं नाणं वेगळं पडतं. रक्त तपासून कळतं. तू तपासून घे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आता राहिलं ते. अकरा खेळांबद्दल मी चूक लिहिलं होतं, तसं संपादकांना कळवलं. त्यांनी शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापलं, कारण दिलं नाही. मी तसं सांगितलं होतं. मास्तरांना वेगळं पत्र लिहून माफी मागितलीय. ती घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

मग सासूबाईंना शेजारी बसवलं. मी 'आता' म्हणायचं, त्यांनी दाबायचं. सत्त्याहत्तर वर्षांचा अंगठा, पण मांजर असं उडालं की दोघींनी तीच उडी पुन्हा घेतली. असं करत बत्तीस छपरं पुन्हा खेळले. उडी खरंच फार चांगली आहे. सुधारलेले गुण साडेपाच. गोष्ट यथातथाच आहे, त्याला माझा इलाज नाही.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

ताई


३० जून

ताई,

तब्येत उत्तम.

त्या फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला काय काय लिहिलं, ते आठवून लाज वाटते. मी तुझ्या अकरा तक्रारी मोजत बसलो आणि त्या कुणाच्या आहेत हे बघितलं नाही. येतो म्हणता म्हणता महिना गेला, त्याचीही लाज वाटते.

मास्तरांना तुझं पत्र मिळालं. गोदामाच्या पायरीवर बसून त्यांनी ते वाचलं. म्हणाले, "चौदा आली ना, मग झालं." मग पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "त्रेसष्ट म्हणजे बाईंनी दर वेळी पाव सेकंद वाट बघितली, नाही का?" आणि चष्मा पुसत राहिले. तुझा सुधारित मजकूर मी मालकांना दाखवला. ते म्हणाले, वाईट झालं, पण जागा भरली. मास्तरांच्या खुर्चीवर आता एक जण बसतो, तो दिवसभर कानात गाणी घालून असतो.

तपासणीचं बघू. सध्या कामाचा डोंगर आहे. आणि खरं सांगू का, ज्यावर औषध नाही ते कळून करायचं काय? नाणं वर फेकलेलं आहे, ते वरच राहू दे थोडे दिवस. मला काही होत नाहीये. मी धडधाकट आहे.

नवा खेळ दीपगृहाचा आहे, जिने चढत जायचं. पहिले तीन मजले पाठवतोय, सासूबाईंच्या अंगठ्याने खेळून कळव. इथे सगळे म्हणतात की मी पायऱ्या हल्ली फार जवळजवळ ठेवतो, खेळ सोपा होतो. मला तर त्या बरोबर वाटतात. लोकांना उगीच कठीण हवं असतं.

टाइप केलेलं पत्र बघून रागावू नकोस, बाबा असते तर दारातून आत घेतलं नसतं. पण हल्लीची पेनं काही धड नसतात. चार बदलली. ओळ लिहिता लिहिता मध्येच अडतात.

धाकटा


११ जुलै

(हे अक्षर माझं, तिच्या सासूचं. ती सांगते आणि मी लिहिते. मोठं काढते, कारण मलाच बारीक दिसत नाही. काही चुकलं तर मला बोला, तिला नको.)

धाकट्या,

तब्येतीची ओळ आज माझी नाही. आज ती तुझी आहे, आणि तू ती खोटी लिहिलीस. मुद्दाम नाही. मीही मुद्दाम लिहीत नव्हते.

तुझं पत्र मी सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातली खोट काढत आले, दुसरं मला येतं काय. तीन मजले आम्ही दोघी खेळलो. तिसऱ्या मजल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढं जवळजवळ का ठेवलंय सगळं? आजाऱ्यासाठी केलंय का?" मी त्यांना सांगितलं, माझ्यासाठी केलं असेल. त्या म्हणाल्या, "नाही, तो तर म्हणतो ते बरोबरच आहे." मग आम्ही 'छपरावरचं मांजर' पुन्हा काढलं आणि तुझी एकोणीस छपरं बघितली. तिथे तुझा हात दोन छपरांत एक पूर्ण झेप सोडतो. दीपगृहात अर्धीही सोडत नाही. तू अंतर डोळ्याने ठरवत नाहीस, अंगठ्याने ठरवतोस, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. तुझ्या अंगठ्याला आता एवढंच अंतर झेपतं.

आणि चार पेनं, धाकट्या. बाबांची सहा पाकिटं, माझी तीन यंत्रं, तुझी चार पेनं. पेनांत दोष नाही.

(इथे मी तिला पाणी दिलं.)

मोबाइल समोर उभा कर. अंगठ्यावर उजेड घे. वीस वेळा 'आता' म्हण आणि वीस वेळा दाब. मास्तरांना बोलाव, 'आता'पासून मांजर उडेपर्यंतची चित्रं मोजायला त्यांना बसव. मी त्यांना तसं कळवलंय, ते येतो म्हणालेत, रविवारी गोदाम बंद असतं. एकटा मोजू नकोस. मी एकटीने मोजली आणि सात दिवस बटणाला दोष देत बसले. ज्या माणसाची मी भाकरी घालवली तो तुझी चित्रं मोजणार आहे, आणि तो एकही कमी-जास्त मोजणार नाही.

चौदा आली तर इथे येऊन मला वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन. जास्त आली तर पत्र लिहू नकोस, पहिल्या गाडीने ये. सासूबाईंनी मधली खोली रिकामी केलीय. दोघांना मिळून त्यांचा एक अंगठा पुरवून पुरवून वापरू.

बाबा सुया बदलत राहिले आणि आपण दारामागे हसत राहिलो. त्यांना कुणीच सांगितलं नाही की सुई चांगली आहे. मी तुला सांगतेय. पेन चांगलं आहे, धाकट्या. रविवारी मोजून घे.

ताई

(सही तिची तिने केलीय. मी हात धरला नाही. वेळ लागला, पण केली.)